उजवा कौल

ओट्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला चालायला लागला. मी कणीक मळत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत तो चालत होता. शेजारच्या प्लॉटवर नव्या अपार्टमेंटच्या पायाचं मशीन सकाळपासून धडधडत होतं, माधवनगरात हल्ली जिकडे बघावं तिकडे असलं काहीतरी चालूच असतं, आणि त्या धडधडीनं पेला जरा जरा सरकत ओट्याच्या कडेला आला, थोडा थांबला आणि खाली पडला. बाहेरून ह्यांनी विचारलं, "काय पाडलंस?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घरात काही पडलं की ते मीच पाडलेलं असतं. माझ्या मनात मात्र पेला पडताना एकच शब्द आला होता, 'उजवा.' गुरवाची पोर आहे मी. काही पडलं की कुठल्या बाजूला पडलं हे मला आधी दिसतं आणि काय पडलं ते नंतर. पण त्या शब्दाच्या पाठोपाठ दुसरा विचार आला आणि माझे हात कणकेतच राहिले. पेला मी पाडला नव्हता, देवानंही पाडला नव्हता, मशीननं पाडला होता. मग माहेरच्या वाडीतला कौल कुणी दिला? मी ओट्याला धरून खालीच बसले.

आमची वाडी पाटणच्या वर, सड्याच्या काठाला. सडा म्हणजे डोंगराचं सपाट कातळी डोकं, आणि त्याच्या काठाखाली उतारावर घरं. कडजाईचं देऊळ सड्यावर आणि पूजा आमच्या घराण्याकडे. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो की नुसतीच म्हैस हरवलेली असो, वाडी आईला, म्हणजे कडजाईला, विचारायची. वडील देवीला न्हाऊ घालायचे, पांढऱ्या चाफ्याच्या ओल्या पाकळ्या तिच्या छातीवर उजव्या डाव्या अंगाला चिकटवायचे आणि बाजूला बसायचे. मानकऱ्यानं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे प्रश्न विचारायचा. देवीच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर हो, डाव्या अंगाची पडली तर नको. कधी कधी पाकळ्या पडायच्याच नाहीत. दिवस कलायचा, पोरं पेंगायची, बायका कुजबुजत राहायच्या, आणि वडील आपले मान खाली घालून बसलेले. ते थांबणं मला फार आवडायचं. सगळी वाडी एका पाकळीकडे बघत गप्प बसलेली, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा मांडीला मांडी लावून. देवी बोलते की नाही हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आता विचाराल तर आताही सांगता येणार नाही. पण वडील पाकळीला फुंकर घालत नव्हते, बोट लावत नव्हते, हे मी जवळून पाहिलेलं आहे. त्यांच्या हाताचा मला कधी संशय आला नाही.

पवनचक्क्या यायच्या होत्या तेव्हाही आईला विचारलं होतं. सड्यावरची जमीन द्यावी का? पहिल्यांदा डावी पडली. नानासो तेव्हा तरणे होते आणि मानकरी होते, ते म्हणाले, गाऱ्हाण्यात काहीतरी चुकलं, फेरकौल लावा. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली आणि लोकांनी भंडारा उधळला. वडील घरी येऊन जेवताना हसले होते. आई, म्हणजे माझी जन्मदाती, लीलाबाई, म्हणाली, "हसताय काय आवं?" ते म्हणाले, "काय न्हाई. तिला बी कटाळा आला आसंल नको म्हणायचा." मग सड्यावर सुरुंग लागले. मी बाळंतपणाला माहेरी होते आणि एकेका सुरुंगाला फडताळातली भांडी वाजायची, पाळण्यातलं पोर दचकून हातपाय ताठ करायचं. देवळाच्या दक्षिणेला, अगदी कुंपणाला लागून, एका पंख्याचा पाया खणला. आमच्याकडे पवनचक्की कुणी म्हणत नाही, पंखाच म्हणतात. घरी असतो तसा पंखा म्हणे, पण हा फिरतो तेव्हा वारा मिळत नाही, ऊन तेवढं हलतं. संध्याकाळी सूर्य पात्यांच्या मागे गेला की सगळ्या घरांत भिंतीवरून सावली जाते, येते, जाते, येते. आई त्या वेळी भिंतीकडे पाठ करून बसते. डोळे मिटले तरी पापणीवर तीच सावली येते, असं ती म्हणते, आणि तिच्या शेजारी बसून मी डोळे मिटून पाहिले आहेत. खरंच येते.

हे मी ह्यांना सांगितलं की हे चष्मा काढून ठेवतात. ह्यांचं नाव शरच्चंद्र, विषय शिकवला आयुष्यभर भूगोल, त्यामुळे घरात बसूनही मला धडाच मिळतो. कोळशाच्या धुरानं जग चाललंय, वारा फुकट आहे, कोयनेच्या पाण्यात किती गावं गेली ते आठव, मग सावलीचं काय घेऊन बसलीस? ते चुकीचं बोलत नाहीत. मला वाद घालता येत नाही आणि चिडता मात्र चांगलं येतं. वीज पाहिजे, मलाही पाहिजे, माझा मिक्सर काय शापावर चालत नाही. पण सड्याखालचा झरा सुरुंगांनंतर आटला आणि बायका आता उतारावरच्या डबक्यावर जातात, पंख्याखालच्या वाडीत दिवे जातात तसे जातातच, आणि वाऱ्याच्या दिवसांत जमीन हुंबरते, हे कुठल्या धड्यात आहे? हुंबरणं म्हणजे आवाज नव्हे. तो कानाला कमी आणि दाताला जास्त कळतो. गेल्या नवरात्रात मी देवीला मळवट भरत होते आणि पितळी मुखवटा सारखा एका अंगाला घसरत होता. माझा धाकटा भाऊ अर्जुना, वडिलांमागे तोच पूजा करतो, त्यानं फडक्याची घडी करून मुखवट्याखाली सारली आणि म्हणाला, "मूर्त जराशी कलल्याली हाय आक्का, पंख्याच्या अंगाला." मी दगडावर हात टेकला होता. दगड थरथरत होता, थंडीतल्या माणसासारखा. त्या दिवशी मला वाटलं, केवढी जागृत आहे आपली आई. अंगावर काटा आला होता आणि मी तो काटा सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले होते.

आता ओट्याखाली बसून मला सगळं एका ओळीत दिसलं. पंखा देवीच्या उजव्या हाताला, मूर्ती कलली तीही उजव्या अंगाला. उजव्या बाजूची पाकळी जरा लोंबकळतीच राहणार. पंखा फिरला की दगड थरथरणार आणि लोंबकळणारी आधी पडणार. कौल आमच्याकडे तिसऱ्या प्रहरी, नैवेद्य झाल्यावर लावतात, आणि सड्यावर वारा उठतो तोही दुपार कलल्यावरच. पंखे आल्यापासून आमच्या देवीनं कुणाला नको म्हटल्याचं मला आठवेना. मी आठवून पाहिलं. लग्नं, गाड्या, बोअर, निवडणुकीला उभं राहणं, सगळ्याला हो. लोक म्हणत होते, आई प्रसन्न आहे.

आणि शिमग्यात लावलेला कौल. गेल्या पावसात सड्याच्या काठाला भेग पडली. पंख्यांसाठी काढलेल्या रस्त्याचा मुरूम आणि दगड उतारावर ढकलून दिले होते, त्यानं पाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या, आणि पाणी कुठंतरी शिरणारच. भेगेत पुरुषभर काठी आत जाते. साहेब लोक आले, त्यांनी भेगेत चुन्याच्या खुणा केल्या आणि सांगितलं, येत्या पावसाच्या आत खाली उतरा, खाली पत्र्याच्या शेडी बांधून देतो. वाडी म्हणाली, आईला विचारतो. "आई, आमी हितंच ऱ्हावं का?" उजवी पडली. अर्जुनानं मला फोन केला तेव्हा तो आनंदात नव्हता, हे मला आता जाणवतं. मीच आनंदात होते. माहेर शाबूत राहिलं म्हणून मी शिरा केला. इथं सांगलीत पाऊस लागला की माणसं आयर्विन पुलाजवळची पातळी बघतात आणि गाद्या माळ्यावर चढवतात, कुणी कुठल्या देवाला विचारत नाही, आणि मी, या गावात सून म्हणून निम्म्याहून जास्त आयुष्य काढलेली बाई, त्या दिवशी तूप ओतून शिरा केला. माझी मलाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. हे म्हणाले, फोन करून सांग. फोनवर काय सांगायचं? तुझी देवी हो म्हणते ती पंख्यामुळे? कराडपर्यंत एसटीत मी खिडकीच्या दांडीवर बोटं टेकवून बसले होते आणि इंजिनाची थरथर बोटांत येत होती, मग ती बोटं मी उचलून मांडीवर घेतली. सगळ्या जगात थरथर भरलेली आहे असं वाटायला लागलं होतं. शेजारची बाई मांडीवरच्या पोराला केळं भरवत होती आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई गं, काय पडलं तर ते कुणी पाडलं ते बघ. पाटणला धुळाची जीप मिळाली. धुळा आमच्याच सड्यावरचा धनगर, त्याची मेंढरं आधी सड्यावर चरायची, आता तो जीप चालवतो. घाट चढताना डोंगरावर पंखे दिसायला लागले. लांबून ते फार सुंदर दिसतात, हे मला कबूल आहे. पांढरे, शांत, सगळे एकाच दिशेला तोंड करून. म्हणूनच लोक थांबून फोटो काढतात. धुळा म्हणाला, "आक्का, मदीच कशी काय आलीस? कुणाचं काय झालं काय?" मी म्हणाले, अजून नाही.

अर्जुना देवळातच होता. मी पायसुद्धा धुतले नाहीत. सगळं बोलून टाकलं, पेला, मशीन, कललेली मूर्ती, दुपारचा वारा. तो समईची वात सारखी करत राहिला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि माझं संपल्यावर म्हणाला, "व्हय." मला वाटलं त्याला कळलं नाही. "अरे, व्हय काय?" "व्हय म्हंजे व्हय, आक्का. मला लय दिस झालं ठावं हाय. वारं पडल्यालं असलं की पाकळी हलत न्हाई. वारं सुटलं की उजवी." माझा धाकटा भाऊ, मी ज्याला कडेवर घेऊन हिंडले, पाकळीला बोट न लावणाऱ्या बापाचा पोरगा. "मग सांगितलं का नाहीस?" "कुणाला सांगू? काय सांगू? आई बोलत न्हाई म्हणू? मग आजपातुर लावल्यालं कौल? लगनं झाली, पोरं झाली त्येच्यावर." मी म्हणाले, मग प्रश्न तरी उलटा विचारायचा होतास, खाली जावं का म्हणून, उजवीच पडली असती. तो हसला, वडील हसायचे तसा. "त्ये बी आलं हुतं मनात. पर गाऱ्हाणं नाना घालत्यात. मी निस्ता पाकळ्या लावनारा." मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच हात उचलला होता मी, देवळात, आणि मग तो हात मूर्तीच्या खांद्यावर टेकवला, आणि दगड पुन्हा तसाच, दाताला कळेल असा थरथरत होता. बाहेर पात्यांचा आवाज, धाप लागल्यासारखा. मी हात काढून घेतला.

आमच्याकडे माहेरवाशिणीनं मागितला तर फेरकौल लावावा लागतो, तिला नाही म्हणत नाहीत. मी मागितला. आणि अट घातली, सकाळी लावायचा, वारा उठायच्या आत. अर्जुना म्हणाला, रीत नाही. मी म्हणाले, सुरुंग लावायची तरी कुठं होती? माझी योजना साधी होती. पाकळी पडणार नाही, लोकांना दिसेल की देवी काहीच म्हणत नाही, मग मी उठून सगळं सांगणार, आणि माणसं खाली उतरतील. हे बोलणं घरी चाललं होतं आणि म्हातारी आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला आता नीट दिसत नाही. ती म्हणाली, "राजे, तू लय शिकलीस गं." ते कौतुक होतं की दुसरं काही, मला अजून कळलेलं नाही.

सकाळी सगळी वाडी जमली. वारा नव्हता. पंखे उभे होते, पाती जागच्या जागी, आणि त्या शांततेत कोंबड्या कुठं आहेत हेसुद्धा कळत होतं. अर्जुनानं देवीला न्हाऊ घातलं, पाकळ्या लावल्या. नानासो आता काठी टेकत चालतात, पण गाऱ्हाण्याला आवाज तोच. "आई कडजाई, हितंच ऱ्हावं, का कसं? तुजी लेकरं इचारत्यात." आणि आम्ही बसलो. लहानपणी बसायचो तसेच. पाकळ्या हलल्या नाहीत. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, मग आत आलं. पाकळ्या कडेनं वळायला लागल्या तसं अर्जुनानं वरून पाणी शिंपडलं. कुणी उठेना. माझं काळीज असं उडत होतं की त्याच्याच ठोक्यानं पाकळी पडेल असं वाटायला लागलं. शेवटी मी उभी राहिले. म्हणाले, बघितलंत ना, आई काही बोलत नाही. ती एवढे दिवस बोलतच नव्हती. तो पंखा बोलत होता. मूर्ती कललीय, वारा सुटला की दगड हलतो आणि उजवी पडते. शिमग्यातही तेच झालं. भेग खरी आहे. उतरा खाली. एवढं बोलून मला रडू आलं.

कुणी दचकलंही नाही. मी एकेका तोंडाकडे बघत होते आणि कुठल्याच तोंडावर मला काही फुटलेलं, तुटलेलं दिसत नव्हतं. मग नानासो म्हणाले, अगदी मायेनं, "बस खाली पोरी. आमी काय येडं हाय व्हय? देवळाच्या कुडाला पंखा हाय, भांडी वाजत्यात घरात, आमास्नी कळत न्हाई व्हय?" मी म्हणाले, "मग?" "मग काय? शेडीत जाऊन काय करायचं? खाली रान न्हाई, पानी न्हाई, कुणी वळखीचं न्हाई. साहेब म्हनतो जा. पंखंवालं तर इचारत बी न्हाईत. ऱ्हावा म्हननारं हितं कोन हाय? ही येक हाय." त्यांनी काठीनं देवीकडे दाखवलं. "आन वारं बी तिचंच की. थांब जरा. सुटंल."

मी खाली बसले. सगळ्यांना माहीत होतं. मी सांगलीहून घेऊन आलेलं, रात्रभर जपलेलं, बोलताना रडवणारं ते गुपित या सगळ्यांच्या घरात भांड्यांबरोबर फडताळात होतं. आणि ते थांबले होते. देवीसाठी की वाऱ्यासाठी, हा फरक फक्त माझ्या डोक्यात होता. आम्ही सगळे वाऱ्याची वाट बघत बसलो. दुपार कलली. आधी गवताचा आवाज आला, मग दक्षिणेच्या पंख्याचं पातं एकदा हललं, थांबलं, आणि फिरायला लागलं. भुई हुंबरायला लागली. उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. "ऱ्हावा म्हनली," नानासो म्हणाले. भंडारा उधळला. माझे हात जोडलेले होते. ते मी कधी जोडले ते मला माहीत नाही.

धुळा जीप घेऊन देवळाखाली आला होता. मला त्याच दिवशी परत निघायचं होतं, तिथं एक क्षण बसवत नव्हतं. मी पिशवी ठेवत होते तोवर अर्जुना आला. त्याच्या कडेवर त्याची नात सई, तेल लावून वेणी घातलेली, अंगावर यात्रेतला झगा. मागे त्याची सून, हातात कपड्यांची पिशवी, डोळे सुजलेले. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं, पाकळी पडायच्या आधी. "हिला ने आक्का," तो म्हणाला. "पावसाळाभर ठेव तुज्याकडं. शाळंचं बी बघ तिकडंच काय तरी." मी म्हणाले, "अरे, आई ऱ्हावा म्हणाली ना?" तो म्हणाला, "आमास्नी म्हनली." आणि पोरीला जीपमध्ये माझ्या पिशवीशेजारी बसवून तो बाजूला झाला. मला वाटलं आता वाडी बोलेल, गुरवच आपलं पोर खाली धाडतो म्हणून भांडण होईल. कुणी भांडलं नाही. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या बायका घराकडे गेल्या आणि थोड्या वेळानं एकेक करून पोरांना हाताला धरून परत आल्या. "धुळा, ह्येला पाटणात मामाच्या दारात उतरीव." "माजी दोगं कराडला जातील, माजी भन येईल स्टँडवर." एकीनं तान्ह्याला खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि परत घेऊन गेली. नानासोंचा नातू टपावर चढून बसला तर नानासोंनीच त्याला दम देऊन आत घातला. कुणी एकमेकांकडे बघत नव्हतं. देवीच्या विरुद्ध एक शब्द कुणी बोललं नाही. जीप भरली, पोरं एकमेकांच्या मांडीवर बसली, आणि त्यांना वाटलं यात्रेला निघालोय, म्हणून ती हसत होती.

धुळानं जीप सुरू केली तेव्हा मी मागे वळून बघितलं. वाडीतली सगळी मोठी माणसं देवळापुढे उभी होती. आई पायरीवर बसली होती. सई ओरडली, "पणजे, टाटा कर की गं." आईनं हात हलवला नाही. तिचे हात जोडलेले होते, आणि तोंड देवीकडे नव्हतं, जीपच्या आवाजाकडे होतं.